लखनौची चांदीची अंगठी आणि आफ्रिकी कारागिरी

पाठाचा उद्देश

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत : (अ) एका साध्या दागिन्याचा उपयोग इतिहासाचे साधन म्हणून कसा करता येतो, (आ) अकीक आणि चांदी या दोन वस्तूंनी भारत व आफ्रिका यांना कसे जोडले, (इ) आफ्रिकेतील चांदीकाम करणारे कारागीर कोणत्या पद्धतीने काम करतात, (ई) अवधच्या राजधानीतील आफ्रिकी लोकांविषयीची साधने कशी वाचावीत.

१. प्रस्तावना

लखनौच्या जुन्या शहरातील चौक हा बाजार गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत पसरलेला आहे. चिकनकाम, अत्तर, चांदीचा वर्ख आणि दागिने यांसाठी तो पिढ्यान्‌पिढ्या ओळखला जातो. या शहरातील पुरुषांच्या बोटात तुम्हाला चांदीची जाडसर अंगठी पुष्कळदा दिसेल. तिच्या कोंदणात तांबूस किंवा विटकरी रंगाचा खडा असतो. हा खडा म्हणजे अकीक.

या अंगठीविषयी तीन प्रश्न विचारू. खडा कोठून आला? चांदी कोठून आली? आणि असे काम करणारा हात कोणाचा? तिन्ही प्रश्नांचा माग काढत गेलो की आपण आफ्रिकेपर्यंत पोहोचतो. येथे एक खुलासा सुरुवातीलाच केला पाहिजे. चौकातल्या दुकानांत आफ्रिकी सोनार बसत होते, असे या पाठाचे म्हणणे नाही. म्हणणे इतकेच आहे की ज्या जगात ही अंगठी तयार झाली, त्या जगाच्या घडणीत आफ्रिकेतील संत, व्यापारी, सैनिक आणि कारागीर यांचा वाटा होता. आपल्या पाठ्यपुस्तकांत आफ्रिकी माणूस बहुधा गुलाम किंवा सरदार म्हणून भेटतो. मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी ही नावे महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना परिचित असतात. हाताने काही घडवणारा आफ्रिकी माणूस मात्र आपल्या इतिहासात फारसा येत नाही. तो का येत नाही, हा या पाठाचा मुख्य प्रश्न आहे.

२. खडा : अकीक आणि बावा गोर

पुरुषाने सोने वापरू नये, चांदी वापरावी, असा इस्लामी धर्मशास्त्राचा सर्वसाधारण दंडक आहे. शिया परंपरेत उजव्या हातात अकीकाची अंगठी घालणे पुण्यप्रद मानले जाते. अवधचे नवाब शिया होते. त्यामुळे १७७५ मध्ये आसफउद्दौला याने फैजाबादहून राजधानी लखनौला हलवल्यानंतर या शहरात अशा अंगठ्यांना कायमचे गिऱ्हाईक मिळाले.

हदीस-परंपरेत एक लक्षणीय उल्लेख आहे. पैगंबरांची अंगठी चांदीची होती आणि तिचा खडा ‘हबशी’ होता, असे तेथे सांगितले आहे. ‘हबशी’ याचा अर्थ हबश म्हणजे अॅबिसिनिया (आजचा इथिओपिया) येथून आलेला खडा, की तशा काळसर रंगाचा खडा, यावर भाष्यकारांनी वेगवेगळी मते दिली आहेत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की चांदीची अंगठी आणि आफ्रिका यांचे नाते श्रद्धेच्या भाषेतही फार जुने आहे.

अकीकांत येमेनचा अकीक सर्वांत मानाचा समजला जातो. पण भारतातच अकीकाचा एक मोठा उगम आहे. दख्खनच्या पठाराचा काळा कातळ लाव्हारसापासून बनला. त्या लाव्ह्यातील पोकळ्यांत सिलिका साचत जाऊन अकीक, कार्नेलियन, गोमेद यांसारखे खडे तयार झाले. नर्मदेच्या खालच्या खोऱ्यात, भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या टेकड्यांत ते मोठ्या प्रमाणात सापडतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून गाड्या भरून असे खडे भरूचच्या बंदरात येत असल्याचा उल्लेख आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज लेखक ड्युआर्ते बार्बोझा याने रतनपूरजवळच्या लिमोद्रा गावाचे वर्णन केले आहे. तेथील तांबड्या खड्यांपासून मणी, अंगठ्या आणि सुऱ्यांच्या मुठी बनत आणि तो माल तांबड्या समुद्राकडे जाई, असे तो सांगतो.

याच रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. परंपरेनुसार बावा गोर हे अॅबिसिनियाहून आलेले. त्यांचे बंधू बावा हबश आणि भगिनी माई मिश्रा यांची स्थानेही तेथेच आहेत. गुजरातमधील सिद्दी समाज त्यांना आपले पूर्वज-संत मानतो. अकीकाच्या व्यापाराला बावा गोर यांनी चालना दिली, अशी परंपरा सांगते. म्हणूनच खाणीत उतरणारा मजूर, खडा घडवणारा कारागीर आणि माल परदेशी पाठवणारा व्यापारी असे सगळेच या दर्ग्याला मानत आले आहेत. हिंदू, मुसलमान आणि पारशी तिन्ही समाजांतील भाविक तेथे जातात. म्हणजे भारतातील एका मोठ्या हस्तोद्योगाचा आश्रयदाता संत आफ्रिकी आहे. आफ्रिकी माणूस आणि कारागिरी यांचा संबंध शोधताना ही गोष्ट तुम्ही सर्वांत आधी नोंदवून ठेवा.

खडा घडवण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. खाणीतून निघालेला दगड बहुधा मळकट, धुरकट रंगाचा असतो. तो प्रथम महिनोन्‌महिने उन्हात वाळवतात. नंतर मातीच्या मडक्यांत भरून शेणाच्या गोवऱ्यांच्या मंद आचेत भाजतात. उष्णतेने दगडातील लोहाचे रूपांतर होते आणि रंग तांबडा होतो. यानंतरचे काम खंभातला होते. जमिनीत लोखंडी अणकुचीदार खुंटी तिरपी रोवलेली असते. कारागीर दगड त्या टोकाला टेकवतो आणि शिंगाच्या डोक्याच्या हातोडीने वरून हलके ठोके देतो. ठोक्याचा धक्का उलट्या बाजूने, खुंटीच्या टोकाशी बसतो आणि तेथून कपची उडते. त्यानंतर घासणे, भोक पाडणे आणि झिलई देणे.

या कामाची किंमत माणसे छातीने मोजतात. दगड घासताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांत साठते आणि सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो. त्यासोबत क्षयही जडतो. विजेवर चालणारी घासणयंत्रे आल्यावर वेग वाढला आणि धूळही वाढली. काम घराघरांत चालत असल्याने बायकामुलेही त्या धुळीत असतात. अंगठीतला झळझळीत खडा पाहताना हा हिशेब विसरता कामा नये.

३. खड्याचा प्रवास : खंभातहून सहाराकडे

खंभातचा अकीक फक्त भारतात राहिला नाही. पश्चिम आशिया आणि आफ्रिका ही त्याची जुनी गिऱ्हाइके होती. यातील एक वस्तू आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. तिचे नाव ‘तल्हाकिम्त’. एका अखंड अकीकातून कोरलेले कडे आणि त्याला खाली जोडलेला त्रिकोणी भाग, असा तिचा आकार असतो. ही वस्तू खंभातला तयार होई आणि व्यापाराच्या साखळीतून सहारा वाळवंटातील तुआरेग लोकांपर्यंत पोहोचे. तुआरेग तिला दोरीत ओवून गळ्यात किंवा केसांत घालत आणि पुष्कळदा तेथील कारागीर तिला चांदीची जोड देत. अकीकाच्या या आकाराला इतकी मागणी होती की एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील इडार-ओबरश्टाइन या गावातील कारखाने तो बनवू लागले आणि बोहेमियातील काचकारखान्यांनी त्याच्या काचेच्या नकला काढल्या.

येथे व्यापाराचे एक साधे तत्त्व दिसते. हाताने घडवलेल्या वस्तूला दूरच्या बाजारात मान मिळाला की यंत्रावरची नक्कल तिच्या मागोमाग येते. भारतीय विणकरांच्या बाबतीत आपण हे मँचेस्टरच्या कापडाच्या संदर्भात शिकतो. अकीकाच्या बाबतीत तीच गोष्ट सहाराच्या बाजारात घडली.

४. चांदी : नाणे आणि दागिना

भारतात चांदीच्या खाणी नगण्य होत्या. मोगल काळापासून येथे आलेली चांदी बहुतांशी परदेशी व्यापारातून, अमेरिकेतील खाणींतून युरोपमार्गे आलेली होती. ती टांकसाळीत जाऊन रुपया होई आणि सोनाराच्या मुशीत जाऊन दागिना होई. हे दोन्ही रस्ते दुतर्फा होते. घरात पैसा साठला की रुपये गाळून तोडे, वाळे, अंगठ्या घडवत. अडचण आली की दागिने मोडून रुपये करत. महाराष्ट्रातील ‘पुतळ्यांची माळ’ आठवा. त्यातील ‘पुतळी’ मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून आलेली आहे. नाणे आणि दागिना यांच्यातील भिंत फार पातळ होती.

लखनौच्या टांकसाळीचा रुपया ‘मछलीदार’ म्हणून ओळखला जाई, कारण त्यावर अवधच्या राजघराण्याचे चिन्ह असलेला मासा असे. १८१९ मध्ये गाझीउद्दीन हैदर याने ‘बादशहा’ ही पदवी धारण केली आणि स्वतःच्या नावाचे नाणे पाडले. नाण्यावरचा मासा शहरातल्या दरवाजांवर, इमारतींवर आणि लखनौच्या बिदरीकामातही आला. बिदरीकामात जस्ताच्या मिश्रधातूवर चांदी जडवतात. लखनौच्या पद्धतीत चांदीची नक्षी पृष्ठभागाच्या वर उचललेली असे.

कंपनी सरकारच्या १८३५ च्या कायद्याने ठरलेला रुपया १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचा होता. हेच एक तोळ्याचे वजन. त्यात अकरा-बारांश, म्हणजे ९१.७ टक्के शुद्ध चांदी होती. त्यामुळे रुपया हाच सोनाराचा तराजूतला तोळाही होता. पाच-सहा ग्रॅमची अंगठी धरली तर एका रुपयात साधारण दोन अंगठ्या होत.

आता आफ्रिकेकडे वळू. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर भारतीय रुपया चालत असे. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत तो १९२० पर्यंत अधिकृत चलन होता. इथिओपिया, येमेन आणि तांबड्या समुद्राच्या आसपास मात्र दुसऱ्याच नाण्याचे राज्य होते. ते म्हणजे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या चित्राचे ‘थेलर’. ती १७८० मध्ये मरण पावली. तरी तेच वर्ष कोरलेले नाणे पुढे दीडशेहून अधिक वर्षे पाडले जात राहिले, कारण तिकडचे लोक दुसऱ्या कोणत्याही चित्राचे नाणे स्वीकारायला नाखूष असत. त्याचे वजन सुमारे २८.०७ ग्रॅम आणि चांदी ८३.३ टक्के. म्हणजे एका थेलरमध्ये सुमारे २३.४ ग्रॅम शुद्ध चांदी. आपल्या रुपयातील चांदीच्या दुपटीहून थोडी अधिक. उरलेला भाग मुख्यतः तांब्याचा असल्याने धातूला कडकपणा येई आणि अंगठी लवकर वाकत नसे. इथिओपियातील चांदीकाम करणारे हेच नाणे गाळून क्रूस, पैंजण आणि अंगठ्या घडवत. तेथील ख्रिस्ती लोक गळ्यात ‘मातेब’ नावाचा दोरा घालतात. त्यात क्रूसाबरोबर अंगठीही ओवलेली दिसते.

या थेलरचा मुंबईशी थेट संबंध आहे. १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर स्वारी केली आणि व्हिएन्नाकडून थेलरचे मूळ ठसे आपल्या ताब्यात घेतले. ब्रिटनने मग लंडनच्या टांकसाळीत ते नाणे पाडायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात इथिओपियातून इटलीला हटवण्याची मोहीम निघाली तेव्हा तेथे खर्चायला थेलर हवे होते. १९४०-४१ मध्ये मुंबईच्या टांकसाळीने असे १ कोटी ८० लाखांहून अधिक थेलर पाडले. फोर्टमधील टांकसाळीत एका दिवंगत ऑस्ट्रियन सम्राज्ञीच्या नावाने पाडलेली ही चांदी इथिओपियाच्या बाजारात गेली. आणि तेथील बाजारात गेलेल्या थेलरचा शेवट पुष्कळदा चांदीकाम करणाऱ्याच्या मुशीतच होई.

५. हात : आफ्रिकेतील चांदीकाम करणारे

आफ्रिका हा एक देश नाही, हे आपण विसरता कामा नये. मोरोक्को, नायजर, इथिओपिया, लामू येथील चांदीकाम वेगवेगळे आहे. येथे आपण तुआरेग समाजातील ‘इनादन’ यांचे उदाहरण घेऊ. इनादन म्हणजे पिढीजात कारागीर. त्यांतील पुरुष धातूचे व लाकडाचे काम करतात आणि स्त्रिया कातड्याचे. नायजरमधील आगादेझ शहर आणि त्यालगतचा आयर पर्वत हे त्यांचे प्रसिद्ध क्षेत्र.

त्यांची हत्यारे मोजकी आहेत : बकऱ्याच्या कातड्याचा भाता, वाळूत रोवलेली लहान ऐरण, हातोडी, कानस, कोरणी आणि मूस. अंगठी दोन प्रकारे घडते. पहिला प्रकार ठोकण्याचा. चांदीची कांब तापवून, ठोकून, पट्टी करून वळवतात आणि सांधा भरतात. दुसरा प्रकार ओतण्याचा. कारागीर आधी मेणाची अंगठी करतो. तिच्यावर चिकणमातीचे लेप देऊन ती वाळवतो. मग माती भाजली की मेण वितळून वाहून जाते आणि आत अंगठीच्या आकाराची पोकळी उरते. चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. ती त्या पोकळीत ओततात. थंड झाल्यावर मातीचा साचा फोडावा लागतो. प्रत्येक अंगठीसाठी नवे मेण आणि नवा साचा लागत असल्याने दोन अंगठ्या अगदी सारख्या होत नाहीत. शेवटी कोरणीने भौमितिक रेषा, ठिपके आणि कधी तिफिनाघ लिपीतील अक्षरे कोरतात.

ही मेणाची पद्धत भारतीय विद्यार्थ्याला अनोळखी वाटू नये. बाराव्या शतकातील कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मूर्ती ओतण्यासाठी हीच रीत ‘मधूच्छिष्ट’ म्हणजे मेण या शब्दाने वर्णिली आहे. बस्तरचे घडवे आजही ती वापरतात. एकच तंत्र जगात अनेक ठिकाणी दिसते. कोणी कोणाकडून शिकले हे ठरवण्याआधी पुरावा मागायला हवा.

तुआरेग समाजात सोन्यापेक्षा चांदीला मान आहे. सोने अशुभ आणि चांदी शुद्ध, अशी भावना आहे. पण चांदी घडवणाऱ्याला तितका मान नाही. इनादन यांच्याशिवाय लग्न, सण, मध्यस्थी काहीच पार पडत नाही. तरी उच्च कुळातले लोक त्यांच्याशी सोयरीक टाळतात आणि त्यांच्या अंगी काही गूढ शक्ती आहे असे मानून त्यांना बिचकतात. इथिओपियातही धातुकाम करणाऱ्यांवर ‘बुदा’ म्हणजे दृष्ट लावणारे असा संशय घेतला जाई.

हे वाचून आपण आफ्रिकेला नावे ठेवण्याचे कारण नाही. आपल्याकडे गावच्या सोनाराकडे ‘पोतदार’ म्हणून नाणी पारखण्याचे काम असे. गावाचा वसूल खरा की खोटा हे त्याच्या कसोटीवर ठरे. इतका विश्वास असूनही त्याने कोणत्या शब्दाने अभिवादन करावे यावर वाद झाला. १७७९ मध्ये पुणे दरबाराच्या आग्रहावरून मुंबईच्या कंपनी सरकारने सोनारांना ‘नमस्कार’ हा शब्द वापरण्यास बंदी केली. हाताला विश्वास आणि माणसाला दुय्यम जागा, ही विसंगती दोन्ही खंडांत सारखीच आहे.

१९७० आणि १९८० च्या दशकांतील दुष्काळांत तुआरेगांची जनावरे मेली आणि इनादन यांचे पारंपरिक यजमान निर्धन झाले. कारागीर शहरांत आले आणि प्रवाशांसाठी अंगठ्या व ‘आगादेझचा क्रूस’ घडवू लागले. आज जगाच्या बाजारात ‘आफ्रिकी हस्तकला’ म्हणून जी अंगठी मिळते, तिच्यामागे अशी स्थलांतरे आहेत.

६. लखनौचे हबशी

आता पुन्हा लखनौला येऊ. अवधच्या दरबारात आफ्रिकी स्त्री-पुरुष होते. त्यांतील अनेकांना अरब व्यापाऱ्यांच्या मार्फत गुलाम म्हणून आणले गेले होते. कंपनीच्या मुलखात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली गेली, पण अवध हे त्या वेळी वेगळे राज्य होते. वाजिद अली शाह (कारकीर्द १८४७ ते १८५६) याच्या सेवेत आफ्रिकी सैनिक होते आणि राजवाड्याच्या पहाऱ्यावर आफ्रिकी स्त्रियाही होत्या. त्याच्या बेगमांपैकी यास्मिन महल आफ्रिकी वंशाची होती.

७ फेब्रुवारी १८५६ रोजी कंपनीने अवध खालसा केले. राजा कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे गेला. दरबारावर जगणारे सैनिक, गवई, जरीकाम करणारे, सोनार असे हजारो लोक एकदम बेकार झाले. १८५७ च्या उठावात बेगम हजरत महलच्या बाजूने आफ्रिकी सैनिकही लढले. रेसिडेन्सीच्या वेढ्यात जोहान्स नावाच्या व्यापाऱ्याच्या घरातून अचूक नेम धरणारा एक बंदूकधारी होता. इंग्रजांनी त्याला ‘बॉब द नेलर’ असे टोपणनाव दिले. तो आफ्रिकी खोजा असल्याचे सांगत. ऑगस्टमध्ये इंग्रजांनी ते घर सुरुंगाने उडवले. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सिकंदर बागेत झालेल्या लढाईत सुमारे दोन हजार बंडवाले मारले गेले. गॉर्डन-अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत तेथे लढलेल्या आफ्रिकी स्त्रियांचा उल्लेख केला आहे. त्या स्त्रिया आहेत हे मेल्यानंतर कळले, असे तो लिहितो. याच बागेच्या बाहेर आज उदा देवी यांचा पुतळा आहे. झाडावर चढून गोळ्या झाडणारी वीरांगना म्हणून पासी समाज दरवर्षी त्यांचे स्मरण करतो. एकाच बागेत दोन वंचित समूहांच्या स्त्रियांची स्मृती आहे. एक स्मृती जपणारा समाज तेथे आहे, म्हणून तिला पुतळा मिळाला. दुसरी शत्रूच्या आठवणींच्या पुस्तकात, प्राण्यांच्या उपमांमध्ये अडकून राहिली.

मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी लखनौ पुन्हा जिंकले. कैसरबागेच्या लुटीचे वर्णन ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम रसेल याने डोळ्यांनी पाहून लिहिले आहे. लुटलेली चांदी बहुधा वितळते. दागिन्याचा इतिहास लिहिण्यातली ही मूळ अडचण आहे.

७. कारागीर इतिहासातून का निसटतो?

पहिले कारण धातूच्या स्वभावात आहे. चांदीची वस्तू प्रत्येक पिढीत पुन्हा मुशीत जाते. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील शेतकऱ्यांचे दागिने मोठ्या प्रमाणात मुंबईच्या टांकसाळीत वितळले. २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. तोवर कोणालाही चांदी देऊन रुपये पाडून घेता येत. त्यानंतर घरातल्या चांदीची किंमत रुपयाच्या मानाने घसरली. पुढच्या दुष्काळात बाईने हातातली चांदी मोडली तेव्हा तिला पूर्वीपेक्षा कमी धान्य मिळाले. घडणावळ तर मोडीत कधीच मिळत नाही. मोडताना फक्त वजन उरते, हात पुसला जातो.

दुसरे कारण नोंदीत आहे. विल्यम होई या अधिकाऱ्याने १८८० मध्ये लखनौच्या व्यापार-उद्योगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि एकेका धंद्याची माहिती दिली. अशा ग्रंथात धंदे असतात, माणसे नसतात. सोनाराच्या दुकानातील केर धुऊन धातूचे कण काढणाऱ्याला लखनौत ‘न्यारिया’ म्हणतात, मराठीत ‘झारेकरी’. इतका बारीक धंदाही नावाने ओळखला गेला, पण तो करणारा कोण हे कोणी लिहिले नाही. वस्तूवर स्वतःची खूण उमटवणारे भुजचे उमरसी मावजी यांच्यासारखे कारागीर अपवाद होते.

तिसरे कारण आपल्या नजरेत आहे. दरबारी आणि लष्करी साधने वाचली की आफ्रिकी माणूस पहारेकरी, खोजा किंवा बेगम म्हणूनच दिसणार, कारण त्या साधनांना तेवढेच हवे होते. तोच माणूस शोधायला रतनपूरच्या टेकडीवर गेलो की तो एका हस्तोद्योगाचा संत म्हणून भेटतो. साधन बदलले की उत्तर बदलते.

८. सारांश

लखनौची अंगठी एका शहराची असली तरी तिचा अकीक दख्खनच्या कातळाशी आणि एका आफ्रिकी संताच्या टेकडीशी नाते सांगतो. तिची चांदी ज्या नाण्यांतून आली, तशीच नाणी हिंदी महासागराच्या दोन्ही किनाऱ्यांवर वितळून दागिने झाली. तिच्यासारखीच अंगठी इनादन कारागीर वाळूत रोवलेल्या ऐरणीवर घडवतो आणि त्यालाही आपल्या सोनारासारखाच अपुरा मान मिळतो. लखनौचे आफ्रिकी लोक ज्या साधनांत सापडतात ती साधने त्यांच्या विरोधकांनी लिहिलेली आहेत, हे ध्यानात ठेवून ती वाचावीत. तुमच्या घरात आजीची चांदीची अंगठी, जोडवे किंवा वाळा असेल तर तो मोडीत देण्याआधी त्याचे वजन, नक्षी, कोणत्या गावच्या सोनाराने घडवला हे वहीत लिहून ठेवा. इतिहासाच्या दृष्टीने ती नोंद चांदीच्या भावापेक्षा मोलाची आहे.

स्वाध्याय

१. रुपया आणि मारिया थेरेसा थेलर यांतील शुद्ध चांदीचे वजन काढा. सहा ग्रॅम शुद्ध चांदी असलेल्या किती अंगठ्या प्रत्येकातून होतील?

२. बावा गोर यांच्या परंपरेवरून भारतातील आफ्रिकी लोकांच्या इतिहासाविषयी कोणता नवा प्रश्न विचारता येतो? सविस्तर लिहा.

३. मेणाच्या साच्याने अंगठी ओतण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहा आणि प्रत्येक अंगठी वेगळी का होते ते सांगा.

४. १८९३ मध्ये टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद झाल्याने ग्रामीण कुटुंबांवर काय परिणाम झाला?

५. सिकंदर बागेच्या लढाईविषयी इंग्रज अधिकाऱ्याच्या आठवणी आणि समाजाची स्मृती या दोन साधनांची तुलना करा.

६. प्रकल्प : तुमच्या परिसरातील एखाद्या चांदीकाम करणाऱ्या कारागिराची, त्याच्या संमतीने, मुलाखत घ्या. हत्यारांची नावे त्याच्याच भाषेत नोंदवा.